हुकूमनामा आल्यावर गप्प बसायला सांगू नका: गल्लीच्या पंचांना खुले पत्र

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, खासबाग आणि तालुक्यातल्या गावांमधील पंच मंडळींना व युवक मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

कोर्टाचा बेलिफ दारात आला की आपल्याकडचा माणूस वकिलाकडे नंतर जातो, आधी तुमच्याकडे येतो. देवळाच्या कट्ट्यावर किंवा मंडळाच्या खोलीत तो कागद तुमच्यापुढे ठेवतो आणि विचारतो, "काका, आता काय करू?" त्या घटकेला तुम्ही जे सांगता ते तो ऐकतो. नंतर त्याचा वकील काहीही सांगो, पंचांचा शब्द त्याच्या मनात आधी बसलेला असतो. मी दिवाणी कामे करणारा वकील आहे, याच भागात वाढलो आहे, आणि तुमच्या शब्दाचे हे वजन मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र न्यायालयाला किंवा सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

विषय घरभाड्याच्या आणि दुकानभाड्याच्या दाव्यांचा आहे. दावा चालू असतानाचे नव्हे, निकाल लागल्यानंतरचे बोलतो आहे. थकलेले भाडे भरा, जागेचा ताबा द्या, किंवा घरमालक हरला असेल तर डिपॉझिट परत करा, असा हुकूमनामा होतो. हरलेला माणूस तुमच्याकडे येतो आणि बहुतेक वेळा त्याला एकच सल्ला मिळतो: "गप्प बस. कोर्टाची कामं वर्षानुवर्षं चालतात. कोण येतंय वसूल करायला?"

हा सल्ला तुम्ही प्रेमापोटी देता. समोरचा माणूस यंत्रमागावर रात्रपाळी करणारा असतो, उद्यमबागेत लेथवर उभा राहणारा असतो, नाहीतर खडेबाजारच्या आडबाजूला छोटे दुकान चालवणारा असतो. त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात हे तुम्हाला दिसते, आणि त्याला धीर द्यावा असे वाटते. पण या एका सल्ल्याने आपल्या भागातली कितीतरी घरे अधिक खोल अडचणीत गेली आहेत. ते कसे घडते ते नीट सांगू द्या.

पहिली गोष्ट मुदतीची. गल्लीत ऐकू येते की तीन वर्षे काढली की विषय संपतो. तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण ती थकलेल्या भाड्यासाठी दावा दाखल करण्याची. दावा दाखल होऊन निकाल लागला की ते गणित बदलते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला जिंकलेल्याकडे १२ वर्षे असतात. बारा वर्षांत कधीही तो दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करू शकतो. आज मूल पहिलीत असेल तर ते बारावी होईपर्यंत हा कागद जिवंत राहतो.

या काळात व्याजही चालू असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली निकालानंतर साधारणपणे वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. दुकान किंवा कारखान्याच्या जागेचा व्यवहार व्यापारी स्वरूपाचा धरला गेला तर दर त्याहून जास्त असू शकतो. समजा हुकूमनामा १ लाख २० हजारांचा आहे. सहा टक्क्यांनी वर्षाला ७,२०० रुपये चढतात, दहा वर्षांत ७२ हजार. त्यावर दाव्याचा खर्च आणि दरखास्तीचा खर्च. गप्प बसलेल्या माणसाने काही वाचवलेले नसते, त्याने नकळत कर्ज काढलेले असते.

जागा न सोडणाऱ्याचे नुकसान याहून मोठे. ताब्याचा हुकूम झाल्यानंतर भाडेकरू जितके दिवस जागा अडवून बसतो तितक्या दिवसांची नुकसानभरपाई त्याच्यावर बसू शकते, आणि ती जुन्या भाड्याच्या हिशेबाने मोजली जाईल अशी कुठलीही हमी नसते. आत्माराम प्रॉपर्टीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की ताब्याच्या हुकुमाला स्थगिती हवी असेल तर भाडेकरूला बाजारभावाप्रमाणे रक्कम भरण्याची अट घालता येते. मारुती गल्लीत किंवा गणपत गल्लीत वाडवडिलांपासून दोनशे-चारशे रुपये भाड्यावर असलेल्या दुकानाचा आजचा बाजारभाव काय होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमके सांगाल. जुन्या भाडेकरूला वाटते की कायदा कायमचा आपल्या पाठीशी आहे. १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा जाऊन त्या जागी १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा आला, आणि ठरावीक रकमेवरचे भाडे त्या संरक्षणातून वगळले गेले. आज होणारे बहुतेक भाडेकरार त्याच्या बाहेरच पडतात.

आता वसुली कशी होते ते पाहू. दरखास्त दाखल झाली की न्यायालयाच्या हातात अनेक मार्ग असतात. टीव्ही, दुचाकी, दुकानातला माल अशा जंगम वस्तूंची जप्ती होते. बँकेच्या खात्यावर जप्ती येते, आणि खातेदाराला ती बहुधा एटीएमसमोर उभा असताना कळते. पगारदाराच्या बाबतीत थेट मालकाकडे हुकूम जातो: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीची रक्कम कापून कोर्टात भरा. २५ हजार पगार असेल तर महिन्याला ८ हजारांपर्यंत कपात, तीही २४ महिने चालू शकते. ऑफिसात सगळ्यांना कळते. ज्याने चार लोकांत नाव जाऊ नये म्हणून नोटीस कपाटात ठेवली, त्याचे नाव असे जाते.

त्यापुढे स्थावर मालमत्ता. घर, प्लॉट, जमीन जप्त करताना त्या जागेवर दवंडी पिटून किंवा प्रचलित रीतीने जाहीर करण्याची तरतूद संहितेत आजही आहे. जप्तीनंतर केलेली खासगी विक्री जिंकलेल्याच्या विरोधात टिकत नाही. घर घाईघाईने बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर करून ठेवण्याचा सल्लाही मी ऐकला आहे. पैसे बुडवण्यासाठी केलेले असे हस्तांतर न्यायालय रद्द ठरवू शकते, आणि दरम्यान माणसाने मुद्रांक शुल्कात पैसे घातलेले असतात, शिवाय घरात नवा वाद उभा केलेला असतो.

"वडील गेले, आता कसला दावा?" असेही विचारले जाते. वडिलांकडून वारसांच्या हातात जितकी मालमत्ता आली असेल तितक्यापुरते वारस बांधील राहतात. त्याहून जास्त नाही, हेही त्यांना सांगा. पोरे उगाच घाबरून स्वतःच्या पगारातून भरायला निघतात.

सीमाभागात आणखी एक समजूत मी पुन्हा पुन्हा ऐकतो. शिनोळी ओलांडली, किंवा कोगनोळीचा नाका पार केला, की बेळगावच्या कोर्टाचा हात पोचत नाही. कर्नाटकातला निकाल, महाराष्ट्रात कोण विचारतो? राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की भारतातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशात कुठेही कायद्याप्रमाणे अमलात आणता येतो. बेळगावचे न्यायालय हुकूमनामा चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या न्यायालयाकडे अंमलबजावणीसाठी पाठवू शकते. मग तिथला बेलिफ तिथल्या घरी येतो. १९५६ पासून आपण ज्या सीमेसाठी भांडतो आहोत, ती सीमा या बाबतीत कुणालाच आडोसा देत नाही. उलट दोन गावच्या तारखा, दोन वकील आणि एस.टी.चा खर्च मात्र वाढतो.

आता अटकेविषयी. माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या पोटात हाच गोळा असतो: "हिंडलग्याच्या तुरुंगात पाठवतील का?" याचे उत्तर त्याला नीट मिळत नाही. काहीजण म्हणतात, दिवाणी मामल्यात जेल होतच नाही. काहीजण उद्याच पोलीस येतील असे सांगून त्याची झोप उडवतात. दोन्ही चूक आहे.

पैसे न भरणे हा गुन्हा नाही. घरमालकाने पोलीस चौकीत तक्रार दिली म्हणून पोलीस वसुलीला येऊ शकत नाहीत. पण दिवाणी कैद नावाची गोष्ट आहे. हुकूमनामा ५ हजारांहून अधिक रकमेचा असेल तर तीन महिन्यांपर्यंत, २ ते ५ हजारांच्या दरम्यान असेल तर सहा आठवड्यांपर्यंत कैद होऊ शकते. २ हजार किंवा त्याहून कमी रकमेसाठी नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकेसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, सहसा आधी नोटीस निघते, माणसाला आपली बाजू मांडता येते, त्याच्या ऐपतीची चौकशी होते.

१९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हा मुद्दा पक्का केला. नुसते देणे फिटले नाही म्हणून कुणाला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ केली, बदनियत दिसली, तरच कैद. गरिबी म्हणजे अपराध नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. हा निकाल तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गरीब माणसाची ढाल आहे. पण ती ढाल त्याला स्वतः उचलावी लागते. नोटिशीच्या तारखेला हजर राहून, आपली मिळकत किती, देणी किती, घरात खाणारी तोंडे किती, हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते. जो गप्प बसतो, तारखेला जात नाही, मालमत्तेची माहिती द्यायचा हुकूम झाला तरी देत नाही, तो आपल्याच हाताने बदनियतीचा पुरावा तयार करतो. मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचा हुकूम मोडला तर त्यासाठी वेगळी तीन महिन्यांपर्यंतची कैद आहे. तुमचा "गप्प बस" हा सल्ला खऱ्याखुऱ्या गरिबाला लबाडाच्या रांगेत नेऊन उभा करतो. आणि कैद भोगून आला तरी देणे संपत नाही, तेही कायद्यात स्वच्छ लिहिले आहे.

कायदा इतका निर्दयही नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत, म्हणजे मंगळसूत्राची भीती कुणी घालत असेल तर त्याला तिथेच थांबवा. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि त्याचे राहते घर सुटते. मजुराची मजुरी सुटते, भविष्य निर्वाह निधी सुटतो. येळ्ळूरच्या किंवा कंग्राळीच्या शेतकऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे की घर सुटले तरी जमीन सुटेलच असे नाही. या सवलती मागाव्या लागतात, आणि मागायला समोर जावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर लेखणी उचलली, ती सांगतो.

तुमच्यातले बरेचजण नुसते गप्प बसा म्हणत नाहीत. तुम्ही दोन्ही बाजूंना बोलावता, समजूत घालता, मध्यम मार्ग काढता. याबद्दल मला मनापासून आदर आहे. जे काम करायला न्यायालयाला वर्षे लागतात ते तुम्ही एका संध्याकाळी करता. पण हुकूमनाम्यानंतर पंचांसमोर झालेली तडजोड कागदावर आली नाही आणि कोर्टात नोंदली गेली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती झालेलीच नसते.

एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये इतपत बदलून. यंत्रमागावर काम करणारा एक माणूस. थकलेल्या भाड्याबद्दल त्याच्यावर ८६ हजारांचा हुकूमनामा झाला. गल्लीतल्या पंचांनी घरमालकाला देवळात बोलावले. मालकही मऊ मनाचा निघाला. पन्नास हजारांत मिटवायचे ठरले. त्या माणसाने बायकोच्या पाटल्या मोडल्या, रोख रक्कम सगळ्यांसमोर मोजून दिली. नारळ फुटला, चहा झाला, पेढे वाटले गेले. कागद कुणी केला नाही. देवासमोर दिलेल्या पैशाला पावती कशाला, असे सगळ्यांनाच वाटले.

काही वर्षांनी मालक वारले. मुले बाहेरगावी होती, त्यांना कपाटात हुकूमनाम्याची नक्कल सापडली. त्यांनी दरखास्त लावली, पूर्ण ८६ हजार आणि व्याजासाठी. पंच साक्षीला यायला एका पायावर तयार होते. पण संहितेच्या आदेश २१ मध्ये नियम २ आहे. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम ठरलेल्या रीतीने दिलेली असावी, लेखी पुराव्याने सिद्ध व्हावी किंवा घेणाऱ्याने कबूल करावी, नाहीतर वसुली करणारे न्यायालय ती हिशेबात धरत नाही. बँकेत नोंद नव्हती, पावती नव्हती, मालक नव्हते, आणि मुले खरोखरच म्हणत होती की आम्हाला काही माहीत नाही. पाच प्रतिष्ठित माणसांचा खरा शब्द तिथे उपयोगी पडला नाही. त्या माणसाला पुन्हा पैसे उभे करावे लागले. पाटल्या तर आधीच गेलेल्या होत्या.

यात कुणी खोटे बोलले नव्हते, म्हणून ते प्रकरण मला जास्त लागते. एका साध्या कागदाने ते घर वाचले असते.

तो कागद असा करा. तडजोड लेखी लिहा: दाव्याचा नंबर, कोर्टाचे नाव, हुकूमनाम्याची तारीख, किती रक्कम ठरली, किती दिली, कशी दिली, उरलेली केव्हा देणार, आणि ही रक्कम मिळाल्यावर हुकूमनामा फिटला असे जिंकलेल्याचे स्पष्ट वाक्य. दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या. पैसे रोख देऊ नका, बँकेतून पाठवा किंवा सरळ कोर्टात भरा. आणि पैसे दिल्यापासून ३० दिवसांच्या आत तो कागद कोर्टात दाखल होऊन नोंद झाली पाहिजे. नोंद करायची जबाबदारी जिंकलेल्याची असते, पण त्याच्यावर विसंबू नका. देणाऱ्यालाही अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत हीच ३० दिवसांची आहे. कोर्टात रक्कम भरली आणि समोरच्याला तशी नोटीस लागू झाली की भरलेल्या रकमेवरचे व्याज त्या दिवसापासून थांबते. घरमालक पैसे घ्यायला नकार देत असेल, फोन उचलत नसेल, तर हाच मार्ग आहे.

हा ३० दिवसांचा आकडा सगळीकडे आडवा येतो. समन्स नीट लागले नाही आणि एकतर्फी निकाल झाला, तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवस, निकालापासून किंवा तो कळल्यापासून. जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल तर सर्वसाधारणपणे ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी भरू द्या असा अर्ज करायलाही हुकूमनाम्यापासून ३० दिवस, आणि निकालानंतरच्या हप्त्यांसाठी जिंकलेल्याची संमती लागते. म्हणून दावा चालू असतानाच, निकाल विरोधात जाणार असे दिसू लागले की वकिलाला हप्त्यांची मागणी करायला सांगा, तेव्हा न्यायालय योग्य कारण असेल तर समोरच्याच्या संमतीशिवायही देऊ शकते. समोरच्याची संमती मिळवणे हे तर तुमचेच काम आहे, आणि ते तुमच्याइतके चांगले कुणाला जमणार? निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात तुम्ही मालकाच्या घरी जाऊन "दादा, महिन्याला पाच हजार घ्या, आम्ही लक्ष ठेवतो" एवढे म्हणालात तर जप्ती टळते. नुसते अपील केल्याने मात्र वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात ती मिळवायला रक्कम भरावी लागते किंवा तारण द्यावे लागते.

कागदाच्या भाषेविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. समन्स कन्नडमध्ये येते. आपल्या अनेक घरांत ते नीट वाचणारे कुणी नसते, आणि काही घरांत ते वाचायचेच नाही असा बाणा असतो. त्या बाण्यामागची वेदना मला परकी नाही. माझ्या घरातल्या जुन्या ट्रंकेत मराठी खरेदीपत्रे आहेत, मोर्चांत मीही चाललो आहे. भाषिक अल्पसंख्याकांना सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत ही मागणी रास्त आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण समन्स घ्यायला नकार दिला तर ते लागू झाले असेच धरले जाते. दारावर चिकटवून गेले तरी लागू होते. आपण वाचले नाही म्हणून ३० दिवस आपल्यासाठी थांबत नाहीत. मराठीचा लढा ज्याचा त्याने आपल्या संसाराच्या किमतीवर एकट्याने लढावा, अशी अपेक्षा निदान पंचांनी तरी करू नये. कागद घ्यायला लावा, त्याच दिवशी कन्नड वाचणाऱ्या एखाद्या पोराकडून वाचून घ्या. आता प्रत्येक गल्लीत तशी पोरे आहेत. दाव्याचा नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर पुढची तारीखही दिसते.

"कोर्टाला वर्षे लागतात" यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हटले होते की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी आली तीत देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. पण त्याच न्यायालयाने २०२१ साली राहुल शाह प्रकरणात दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगितले आहे, २०२५ मध्ये ते पुन्हा बजावले आहे, आणि खालच्या न्यायालयांवर त्याचा दाब आता जाणवतो. उशिराच्या भरवशावर उद्याचे घर उभे करू नका.

घरमालकांविषयीही चार शब्द, कारण तेही तुमच्याच गल्लीतले आहेत. डिपॉझिट अडवून ठेवणारा मालक दाव्यात हरतो आणि मग तोही गप्प बसतो. "भाडेकरू गेला गावाला, परत कशाला येतोय?" त्याच्यावरही हेच नियम लागतात, आणि त्याच्याकडे जप्त करण्यासारखे घर असते. शेतकरी, मजूर किंवा घरगडी नसलेल्या माणसाचे घर संहितेत सुटत नाही. तीस-चाळीस हजारांच्या डिपॉझिटसाठी घराच्या उताऱ्यावर जप्तीची नोंद आली, तर पुढे बँक कर्ज देताना काय म्हणेल याचा विचार त्याला करायला लावा. जिंकलेल्या मालकालाही सांगा: हुकूमनामा हातात आहे म्हणून भाडेकरूचे सामान रस्त्यावर फेकायचे नसते, वीज तोडायची नसते, कुलूप फोडायचे नसते. ताबा बेलिफाकडून घ्यायचा, गरज पडली तर कोर्टाच्या हुकुमाने पोलीस बरोबर घ्यायचे.

पैशाअभावी वकील करता येत नाही असे कुणी म्हणाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. तालुक्याच्या ठिकाणी समित्या आहेत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना मिळकतीच्या मर्यादेत. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. दरखास्तीसुद्धा लोकअदालतीत ठेवता येतात. तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून तुम्ही देवळात जुळवलेली तडजोड लोकअदालतीत नेऊन पक्की करा.

गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठका लागतील तेव्हा माझी एक विनंती आहे. एका बैठकीतला अर्धा तास या विषयाला द्या. मी येईन, मानधन नको. ज्यांच्या घरी असा कागद पडून आहे त्यांना निकालाची नक्कल, समन्स, भाडेकरार आणि पैसे दिल्याच्या जेवढ्या पावत्या असतील तेवढ्या घेऊन यायला सांगा. महिन्याभरात निकाल लागलेले कुणी असेल तर त्याला बैठकीपर्यंत थांबवू नका, आजच पाठवा.

आपला,
बेळगावच्या न्यायालयात काम करणारा एक वकील
शहापूर, बेळगाव